दोन हजार आठशे रुपयांपायी

आंब्याच्या धंद्यात पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये. उरलेलं वर्षभर तो नुसता जातच असतो. खत, मोहोरावरच्या फवारण्या, ग्रास कटरचं पेट्रोल, माकडं हाकायला आणि राखणीला ठेवलेले गुरखे. म्हणून ऐन हंगामात बँकेचं खातं बंद पडणं म्हणजे काय, हे महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्यांना सहज उमगायचं नाही. आमचं खातं अडकलं ते मे २०२५ मध्ये, अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती आणि बागेत एकदम माल उतरवायला आला होता तेव्हा.

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग. सासऱ्यांच्या काळात सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. पावसाळा संपला की दलाल उचल द्यायचा, हंगामात पेट्या घ्यायचा आणि सगळं आटपलं की पट्टी पाठवायचा. हमाली, भाडं, कमिशन आणि उचल वजा जाऊन खाली जो आकडा उरायचा, तो बघून सासरे पट्टी घडी घालून खिशात ठेवायचे आणि त्या दिवशी कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद अशी गत झाली, तेव्हा आम्ही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवायला लागलो. ऑर्डरी आणि पैशांचं बघायची मी, बाग बघायचे माझे यजमान. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकणार, माल पिकअपमधून जाणार. मध्ये कुणी नाही. यूपीआयनं आम्हाला उचलीच्या फेऱ्यातून सोडवलं, हे मी आजही म्हणते. म्हणूनच पुढे जे घडलं ते जास्त लागलं.

खातं अडकलं त्या दिवशी मी खोकेवाल्याचे पैसे पाठवत होते. व्यवहार अयशस्वी. पुन्हा केला, पुन्हा तेच. आधीच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, देशभर यूपीआय काही तास कोलमडलं होतं. आम्ही तेव्हा पुण्यात टेबल मांडून बसलो होतो आणि लोक पेटी हातात घेऊन मोबाइलकडे बघत उभे होते. तसंच काही असेल असं वाटलं. पण पैसे यायचे ते येतच होते. जात मात्र एक रुपया नव्हता.

बँकेत गेले. अधिकारी भला माणूस होता. पडद्यावर बघून म्हणाला, "वहिनी, तुमच्या खात्याला डेबिट फ्रीज लागलाय. सायबर पोलिसांकडून आलंय. आमच्या हातात काही नाही." त्यानं एका कागदावर तक्रारीचा क्रमांक, दुसऱ्या राज्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ई-मेल आणि वादातली रक्कम लिहून दिली. रक्कम होती दोन हजार आठशे रुपये. चार डझनांच्या एका पेटीचे. खात्यात त्या वेळी पावणेचार लाखांच्या आसपास होते.

हे कसं घडतं ते मला तेव्हा टप्प्याटप्प्यानं कळत गेलं. कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते. तो माणूस १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार करतो. मग त्याचे पैसे कुठून कुठे गेले याचा माग काढतात. पहिलं खातं, तिथून पाच खाती, तिथून आणखी पंधरा. चोर पैसा पटापट पांगवतात, त्यामुळे तो पळायच्या आत अडवणं भागच असतं. हे मला पूर्ण मान्य आहे. कुणा म्हाताऱ्याची आयुष्याची पुंजी त्यातून वाचत असेल तर वाचलीच पाहिजे. पण तोच पैसा खर्च होत होत किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, भाजीवाल्याकडे आणि आमच्यासारख्यांकडे येऊन पोचतो. आणि मग त्या साखळीतलं शेवटचं खातंसुद्धा पहिल्या खात्यासारखंच बंद होतं.

ज्यानं पेटी घेतली होती, त्या पुण्याच्या मुलाला मी फोन केला. त्याचंही खातं बंद होतं. त्यानं जुनी दुचाकी विकली होती आणि घेणाऱ्यानं पैसे ऑनलाइन टाकले होते. तो मलाच विचारत होता, "काकू, आता काय करायचं?"

खातं बंद म्हणजे पैसा आत यायला मोकळा, बाहेर जायला बंदी. खोक्यांवर आमचा नंबर छापलेला, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमचा क्यूआर फिरत असलेला. लोक भरवशानं पैसे टाकत होते आणि मी एकेकाला फोन करून सांगत होते की या नंबरवर टाकू नका. बाकीच्या वेळी पैसे जमा झाल्याचा आवाज किती बरा वाटतो! त्या दिवसांत तो वाजला की पोटात गोळा यायचा, कारण माल द्यायची जबाबदारी माझी आणि आलेला पैसा मला शिवता येत नाही. काहींना संशय आला. एक बाई तर म्हणाल्या, "पोलिसांनी उगाच कशाला बंद केलं असेल?" वर्षानुवर्षं आंबा नेणारी माणसं अशी बोलली की काय उत्तर द्यायचं?

माल थांबत नाही, हे या धंद्याचं मूळ. झेल्यानं उतरवलेला आंबा पेंढ्याच्या आढीत गेला की त्याची घडी सुरू झाली. पाच-सहा दिवसांनी रंग धरतो, वास सुटतो आणि मग तो गेलाच पाहिजे. पडवीत आढी लागलेली, खोकी नाहीत, कारण खोकेवाल्याचे पैसे थकलेले. गाडीत डिझेल घालायला रोकड जमवत होतो. पिकअपचा हप्ता परत गेला आणि त्याचा दंड वेगळा बसला. गुरख्यांना घरी नेपाळला पैसे पाठवायचे होते. त्यांच्यातला थोरला रोज संध्याकाळी ओसरीखाली येऊन उभा राहायचा. तोंडानं काही मागायचा नाही. शेवटी पतसंस्थेत सोनं ठेवलं आणि आधी त्यांचे पैसे चुकते केले.

उरलेल्या मालासाठी यजमानांनी वाशीच्या जुन्या दलालाला फोन लावला. त्यानं माल घेतला, गाडीवाल्याच्या हातीच रोकड पाठवली, पण भाव आमच्या थेट विक्रीपेक्षा पेटीमागे हजाराच्या घरात कमी. त्याचं मी वाईट म्हणणार नाही, त्यानं अडीनडीला हात दिला. पण ज्या दारातून एवढ्या धडपडीनं बाहेर पडलो, तिथेच हंगामाच्या मध्यावर पुन्हा उभं राहावं लागलं. सासऱ्यांचं दलालाशी वाजायचं तेव्हा ते रात्रीच्या एसटीनं वाशीला जायचे आणि त्याच्या गाळ्यावर ठाण मांडून बसायचे. मी कुठे जाऊन बसणार होते? बँक म्हणते पोलिसांना विचारा. पोलीस ठाणं हजारभर किलोमीटरवर. तिथे फोन उचलला तर उत्तर एकच, "मॅडम, मेल कर दीजिए." मी बिल पाठवलं, गाडीची चिठ्ठी पाठवली, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं पाठवलं, पेटी पोचल्याचा त्यानंच टाकलेला फोटो पाठवला. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेला तीस दिवस द्यावे लागतात. तीस दिवसांत आमचा अर्धा हंगाम सरतो.

रत्नागिरीच्या एका वकिलांनी कायदा समजावला. अशा वेळी मालमत्ता ताब्यात घ्यायचा पोलिसांचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि केलेली कारवाई दंडाधिकाऱ्यांना कळवायची असते. केरळात यूपीआयच्या व्यवहारांवरून अशीच खाती बंद झाली होती, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे तेवढीच अडवावी, सगळं खातं नव्हे. ऐकून बरं वाटलं, पण दोन हजार आठशेसाठी उच्च न्यायालयात जायचा खर्च आंबेवाल्याला कुठून परवडावा?

माझं म्हणणं साधं आहे. गल्ल्यात खोटी नोट निघाली तर बँक ती नोट जप्त करते, गल्ल्याला कुलूप घालत नाही. मी आंबा बघून सांगेन तो कुठल्या आढीतला, कधीचा, आत साका आहे का याचा अंदाजही देईन. पण क्यूआरवर आलेला पैसा त्याआधी कुणाच्या खात्यातून फिरून आलाय, हे मी कसं ओळखू? ते ओळखायची सोय बँकेकडे असेल, सरकारकडे असेल. माझ्याकडे फक्त नाव आणि आकडा येतो. मग सोय असणाऱ्यांपेक्षा जास्त शिक्षा मला का?

त्या वर्षी पावसानंही मिरगाची वाट पाहिली नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यातच तो कोकणात उतरला आणि झाडावर राहिलेला आंबा डागाळला. खातं सुटलं त्यानंतर, जूनमध्ये. दोन हजार आठशे तेवढे अडवून ठेवून बाकीचे मोकळे झाले. ते वकिलांच्या पत्रानं झालं की माझ्या मेलनं की तपास पुढे सरकल्यानं, हे कुणीच सांगितलं नाही.

आता आमची दोन बँकांत दोन खाती आहेत. क्यूआर एकाच खात्याचा आणि त्यात आलेला पैसा रोज रात्री दुसऱ्यात वळता करायचा. एका पेटीचं का असेना, बिल फाडायचं, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव-गाव लिहायचं. मजुरीपुरती रोकड घरात ठेवायची. खोक्यांवर आता फक्त बागेचं नाव छापतो. आमच्या शेजारच्या कोकम-फणसपोळी करणाऱ्या बचत गटालाही मी हेच करायला लावलं. टेबलावर कुणी पैसे गेल्याचं चित्र दाखवलं तर त्यावर न जाता खात्यात जमा झालेलं बघूनच पिशवी द्या, हेही सांगितलं, कारण खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे त्यांना दोनदा भेटले होते. यातली एकही गोष्ट खातं बंद होण्यापासून वाचवत नाही. बंद झालंच तर चूल चालू राहील, एवढंच.

आम्ही काही बागायतदारांनी मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिलं आहे. मागण्या दोनच. वादातली रक्कम तेवढीच अडवा, आणि खातेदाराला आपली बाजू मांडायला जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस द्या, ज्याच्यासमोर बिल ठेवता येईल. पुढचा मोहोर यायच्या आत याचं उत्तर मिळावं म्हणून मी दर सोमवारी तिथे जाऊन विचारते.