सोनूचा डबा

आमची एक मैत्रीण मॅगझिनच्या संपादक मंडळावर आहे. "मराठी विभागाला पानं कमी पडतायत, काहीतरी दे" म्हणून ती गेले दोन आठवडे माझ्या मागे लागली होती. आता मी पडले कॉन्व्हेंटची! भाजीवाल्याने "एकोणसाठ रुपये" म्हटलं की अजूनही फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, असा प्रश्न पडतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. तसा विषयही पोटाचाच आहे. माझ्या पोटाचा नाही, आमच्या सशाच्या.

फर्स्ट इयरचा रिझल्ट लागला आणि बाबांनी कबूल केल्याप्रमाणे ससा घरी आला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. मी नाव ठेवलं 'स्नोई'. आजीला ते काही जमेना, तिने दोन दिवसांत त्याचा 'सोनू' करून टाकला. तोही लबाड, 'सोनू' म्हटल्यावरच कान टवकारायचा.

सशाला काय घालायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. केजीच्या पुस्तकात 'आर फॉर रॅबिट'च्या चित्रात त्याच्या हातात गाजर होतं, विषय संपला! सकाळी गाजर, संध्याकाळी गाजर. दुपारी मी कॉलेजला असताना आजीची ड्यूटी. ती त्याला पोळीचा तुकडा भरवायची, चहाच्या वेळी अर्धं बिस्कीट. "बघ कसा मिटक्या मारत खातो गं!" आम्ही दोघी खूश, सोनूही खूश.

मग सेकंड इयरची सबमिशन्स आली. तुम्हाला सांगायला नको, त्या आठवड्यात आपण स्वतः जेवलोय की नाही हेही आठवत नाही. एका रात्री जर्नल पूर्ण करताना पिंजऱ्याकडे लक्ष गेलं. सकाळचं गाजर तसंच पडलेलं. खाली एकही लेंडी नाही. सोनू कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला, हनुवटी लाळेने ओली.

सकाळी बाबांबरोबर त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावले. त्यांनी पोट चाचपलं, तोंडात यंत्र घालून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?" मी ऐटीत यादी सांगितली. ते म्हणाले, "आणि गवत?" मी गप्प.

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा मेकॅनिकलवाल्यांना फर्स्ट लेक्चरलाच कळावं असं होतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. त्यांची झीज होते ती गवत चघळून. आमच्या मऊ पोळीने आणि बिस्किटाने झीज होणार कशी? दाढांना टोकं आली होती, ती जिभेला टोचत होती, म्हणून त्याने खाणं सोडलं. सशाचं आतडं म्हणजे कंटिन्युअस प्रोसेस, चोथ्याच्या जोरावर सतत चालणारं. फीड थांबलं की प्लांट बंद! ससा दिवसभर काहीच खात नसेल तर ती इमर्जन्सी असते, उद्या बघू म्हणून चालत नाही. आणि गाजर? त्यात साखर भरपूर. "तुला रोज दोन्ही वेळेला पेढेच वाढले तर?" असं डॉक्टरांनी विचारलं.

घरी आले आणि सगळा राग आजीवर काढला. "तुझ्या त्या पोळ्यांनी मारलंस त्याला!" आजी काहीच बोलली नाही. देवासमोर जाऊन बसली.

रात्री सिरिंजने सोनूला पातळ पेस्ट भरवत होते. दर चार तासांनी भरवायची होती. दोन वाजता आजी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अगं, लहानपणी आमच्या गोठ्यात सहा गुरं होती. जनावराला आधी वैरण लागते, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण हा मला जनावर वाटलाच नाही गं, नातवंडच वाटला." मला काय बोलावं सुचेना. गाजर तर मीच सुरू केलं होतं. तो खात नाही हेसुद्धा मलाच दिसलं नव्हतं, आजीला मोतीबिंदूमुळे धड दिसतही नाही. "सॉरी आजी" एवढंच म्हणाले. तिने सिरिंज धरलेल्या माझ्या हाताला आधार दिला.

तिसऱ्या दिवशी भूल देऊन त्याच्या दाढा घासल्या. मी बाहेर बाकावर बसून सगळे देव आठवले, शाळेतल्या चॅपेलमधलेसुद्धा. सोनू वाचला!

आता त्याचा मेनू फ्रिजवर चिकटवलाय. ८० टक्क्यांहून जास्त वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. हे डिपार्टमेंट आजीचं, पंचवटीतल्या एका गोठेवाल्याकडून ती स्वतः वास घेऊन, बुरशी नाही ना बघून आणते. सकाळ-संध्याकाळ मूठभर धुतलेला पाला: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. (हो, गाजरापेक्षा त्याचा पाला बरा!) पॅलेट्स मोजून दोन चमचे. जड वाडग्यात स्वच्छ पाणी. गाजर आठवड्यातून दोनदा, अंगठ्याएवढं, सणासुदीच्या गोडासारखं. पोळी, भात, बिस्कीट, कांदा, लसूण बंद. नवीन काही द्यायचं तर थोडं थोडं, आठवडाभर. आणि रोज लेंड्या बघायच्या. हसू नका, तोच त्याचा रिपोर्ट. मऊ लेंड्या तो स्वतःच परत खातो, तेही नॉर्मल आहे. रिसायकलिंग म्हणा!

आजीला डायबेटिस आहे. पूर्वी ती गुपचूप लाडू खायची आणि मी लाडाने आणून द्यायचे. हल्ली सोनूच्या पिंजऱ्याशेजारी बसून भाकरी खाते आणि म्हणते, "चल बाबा, तुझं गवत, माझी भाकरी."

आवडतं ते देणं सोपं असतं. त्याला काय लागतं ते आधी विचारावं लागतं, हे मला एका सशाने शिकवलं. त्याला विचारता येत नव्हतं, पण निदान बघता तरी आलं असतं.

आत्ता हे लिहिताना रात्रीचा एक वाजलाय. उद्या व्हायवा आहे, तयारी शून्य. पण कोपऱ्यातून कुर्रम कुर्रम आवाज येतोय. चालू आहे प्लांट.