खासबागेतला दावा

गोव्याच्या माणसाला बेळगाव कधीच परकं नव्हतं. लग्नाचा बस्ता, कुंदा, भाजीपाला, दवाखाना, कॉलेज, काही ना काही कारण काढून आपण चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट चढतच असतो. माझं तर आजोळच तिथलं, खासबागेतलं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथं राहायला जायचो, तेव्हा पहाटे जाग यायची ती मागांच्या खडखडाटानं. आजीचे हातमाग तेव्हाच बंद झाले होते. माजघरातला मागाचा खड्डा बुजवून त्यावर शहाबादी फरशी घातलेली होती आणि आम्ही भावंडं त्याच फरशीवर झोपायचो.

या घराच्या कागदासाठी दोन वर्षांपूर्वी मामांचा फोन आला. मामेभावाला घरावर मजला चढवायचा होता आणि त्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेच्या वकिलानं विचारलं, घराचे दोन भाग कधी झाले, कोणत्या कागदानं झाले? मामांकडे एक घडी पडलेली चिठ्ठी तेवढी होती. तिच्यावर दाव्याचा नंबर आणि पुढं १९५८ हे साल. "तू सरकारी माणूस, कागद शोधणं हे तुझं कामच की रे," मामा म्हणाले. वीस वर्षं सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळल्यावर असं बोलणं खोडून काढता येत नाही.

अलीकडच्या दाव्याची माहिती काढणं सोपं झालं आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं आणि दाव्याचा नंबर, पक्षकाराचं नाव किंवा वकिलाचं नाव घालून शोधायचं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. तो हाताशी असला तर बाकी काहीच लागत नाही. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर सुप्रीम कोर्टात घातलेला दावा, २००४ चा मूळ दावा क्रमांक ४, मी गंमत म्हणून सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिला. दोन मिनिटांत सापडला. दोन राज्यांचं भांडण दोन मिनिटांत, आणि एका घराच्या भिंतीचं भांडण शोधायला मला बेळगावच्या तीन खेपा पडल्या. कारण उघड आहे. जुने निकाली दावे संगणकावर फार थोडे चढले आहेत. १९५८ सालचा कागद रेकॉर्ड रूममध्ये, कापडी बासनातच शोधावा लागतो.

तिथं पहिला प्रश्न असतो, दावा चालला तेव्हा राज्य कोणाचं होतं आणि कोर्ट कोणतं होतं? बेळगावात हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा. शेजारचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगाव मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचं कर्नाटक झालं. मधल्या काळात १९६४ चा दिवाणी न्यायालयांचा कायदा आला, तेव्हा कोर्टांची नावं बदलली, मुन्सिफ कोर्ट आलं, पुढं तेही नाव गेलं. त्यामुळं जुन्या चिठ्ठीवर कोर्टाचं जे नाव असतं त्या नावाचं कोर्ट आज सापडेलच असं नाही. त्या कोर्टाचं दप्तर पुढं कोणाकडं गेलं हे विचारावं लागतं. शोधाचा अर्ज, नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टँप हे सगळं रीतसर. दाव्यात आपण पक्षकार नसलो तर आपला काय संबंध ते लिहून द्यावं लागतं. मामा स्वतः पक्षकार असल्यामुळं अर्ज त्यांच्याच सहीनं केला. माहिती अधिकारात अर्ज टाकून हा रस्ता चुकवता येत नाही. कोर्टाच्या प्रकरणांतले कागद कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मिळवायचे, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

रेकॉर्ड रूममधले कारकून कन्नड होते, माझ्याशी मात्र बेळगावी मराठीत बोलत होते. आम्ही दोघे एकाच धंद्यातले, त्यामुळं लगेच जमलं. त्यांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. "साहेब, सगळी फाईल मिळेल अशी आशा धरू नका. जबान्या, अर्ज, समन्स, हे मुदत संपली की नाश करतात. निकाल आणि डिक्री राहते." जुने कागद नष्ट करण्यासाठी १९१७ चा कायदाच आहे आणि त्याखाली हायकोर्टांचे नियम आहेत. आमच्या खात्यातही असंच चालतं. जागा तर तेवढीच असते.

तिसऱ्या खेपेला नक्कल हातात पडली. इंग्रजीत टाइप केलेला नऊ पानांचा निकाल, १९६१ चा, आणि सोबत डिक्री. कोर्टाच्या पायरीवर बसून मी पहिलं पान उघडलं आणि वादीचं नाव वाचून थांबलो.

आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जायची, की आजोबा गेल्यावर धाकट्या आजोबांनी मोठ्या मनानं घराचा अर्धा भाग तोडून दिला. निकालात वादी क्रमांक एक माझी आजी होती. वादी क्रमांक दोन तिचा अज्ञान मुलगा, म्हणजे मामा, तर्फे आई. प्रतिवादी धाकटे आजोबा. कोणी तोडून दिलं नव्हतं, तिनं भांडून घेतलं होतं.

तिची जबानी नष्ट झाली आहे. पण न्यायाधीशांनी निकालात तिच्या जबानीचा सारांश दिला आहे, सगळा मिळून एक परिच्छेद. वादी नवऱ्याच्या हयातीत आणि नंतरही कांड्या भरत होती, मागावर बसत होती. दिराचं म्हणणं, हिला फक्त पोटगीचा अधिकार, माग आणि घर माझ्या कमाईतलं. यावर तिनं एकेक माग कधी घेतला ते सांगितलं. तारखा तिला माहीत नव्हत्या. पहिला माग सासऱ्यांच्या वेळचा, दुसरा मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतला, तिसरा नवऱ्याच्या आजारपणात विकला. ती निरक्षर आहे पण उलटतपासणीत तिचं म्हणणं बदललं नाही, असं न्यायाधीश लिहितात, आणि तिच्यावर विश्वास ठेवतात. ती बोलली मराठीत, उतरलं गेलं इंग्रजीत, आणि तेवढंच शिल्लक राहिलं. आजीचा आम्हा कोणाकडं एक फोटो आहे, आवाज कोणाकडंच नाही. त्यामुळं तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला.

दुसऱ्या मागाच्या वर्षी जन्मलेली ती मुलगी म्हणजे माझी आई.

पुढचा भाग वकिलानं समजावून सांगितला. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळायला लागला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ नं तो पूर्ण मालकीचा झाला. आजोबा १९५१ मध्ये वारले होते, म्हणून वाटणीत मिळालेल्या अर्ध्या घरात निम्मं मामांचं आणि निम्मं आजीचं स्वतःचं. ती १९८३ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या निम्म्यावर मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हक्क. म्हणजे जो कागद आणायला मामांनी मला पाठवलं, त्याच कागदानुसार आजच्या घरात माझ्या आईचा चौथा हिस्सा होता. बँकेला आता तिची सही हवी होती.

गोव्यात हे नवीन नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आपल्याकडं मुलीला वारसाहक्क आहे. बाबांची जमीन विकताना सगळ्या आत्यांच्या आणि त्यांच्या यजमानांच्याही सह्या घ्याव्या लागल्या होत्या, आणि त्यात कोणाला अपमान वाटला नव्हता. पण घाटावर माहेरचा हिस्सा हा शब्द उच्चारला तरी नाती तुटतात. मामींचा चेहरा त्या संध्याकाळी मी पाहिला. चहा आला, पण कोणी काही बोललं नाही. मामा मात्र निकालाची पानं हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "आई कोर्टात उभी राहिली होती, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही." दाव्याच्या वेळी ते दहा वर्षांचे होते.

गोव्यात परत आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिचं वय पंच्याहत्तर. हिश्श्याचं ऐकून ती काही बोलली नाही, मागांचा परिच्छेद मात्र तिनं मराठीत दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "हक्कसोड देते. दादाला घर हवंय. पण तिथं लिहायचं, माझा हिस्सा होता आणि तो मी दिला. मला काही नव्हतंच, असं कोणी नंतर म्हणता कामा नये." मी सांगितलं, हक्कसोडपत्रात नेमकं हेच लिहितात. ते गेल्या वर्षी रजिस्टर झालं. मामींनी आईला खणानारळानं ओटी भरून पाठवलं. मजला अजून चढतो आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी चिठ्ठी असेल. दाव्याचा नंबर, साल आणि कोर्टाचं नाव आधी वहीत उतरून घ्या, आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा. खूप जुना गोव्यातला कागद असेल तर तो पोर्तुगीजमध्ये निघेल, बेळगावचा इंग्रजीत किंवा मोडीत, आताचा कन्नडमध्ये. वाचून देणारा माणूस शोधावा लागेल, पण शोधा. घरची गोष्ट एक असते आणि रेकॉर्ड रूममधली दुसरी असू शकते. आमच्याकडं आजी साठ वर्षं गप्प राहिली असंच आम्हाला वाटत होतं.