उद्यमबागेतील दोन दिवस

बेळगावाहून खानापूरच्या रस्त्याने निघावे, तिसऱ्या रेल्वे फाटकाचा भाग मागे टाकावा, म्हणजे थोड्याच वेळात उद्यमबाग लागते. बेळगाव म्हटले की परगावच्या माणसाला कुंदा आठवतो, किल्ला आठवतो, लष्कराची छावणी आठवते. परंतु या शहरातील पुष्कळ घरांची चूल पेटते ती ओतकामाच्या भट्ट्यांवर आणि लेथ यंत्रांवर. वाळूच्या साच्यांत ओतलेले लोखंडी भाग येथून दूरदूर जातात, आणि तेलाच्या दाबावर चालणारे पंप, व्हॉल्व्ह व सिलिंडर बनविण्यातही या गावाने नाव मिळविले आहे. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान लहान गाळे उभे आहेत. अशाच एका गाळ्यात गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोन दिवस काढले. निमित्त झाले मिशनच्या जुन्या जीपचे.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांना या जीपचे महत्त्व सांगितले पाहिजे. पिरनवाडीपाशी फुटणारा रस्ता किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. आणि त्याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावरचे पाणी म्हादईच्या वाटेने गोव्यात जाऊन अरबी समुद्राला भेटते. पाऊस येथे कोसळतो असेच म्हणावे लागते. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण आतल्या वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा तांबड्या मातीच्या. आषाढात त्यांवर साधी मोटार चालत नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडीच हवी. मिस्सेसाठी जाणे, आजाऱ्यांस तैलाभ्यंग देणे हे तर आहेच. परंतु अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला रातोरात इस्पितळात नेण्याचे कामही हीच जीप करते. त्या वेळी कोणी कोणत्या धर्माचा हे पाहत नाही.

अशा या जीपचे सुकाणू ईस्टरनंतर बिघडू लागले. सरळ रस्त्यावर ती डावी-उजवीकडे भटके. हातातील चक्र दोन-तीन बोटे फिरवले तरी पुढची चाके हलत नसत. पंपाच्या टाकीत दर आठवड्यास तेल घालावे लागे, आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला तर सकाळी त्यावर रुपयाएवढे चार-पाच डाग पडलेले असत.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, हे आमच्या अनेक वाचकांस ठाऊक नसेल. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात ही युक्ती सिद्ध केली. विक्रीच्या मोटारगाडीत ती प्रथम आली १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. इंजिनावरील पट्ट्याने एक पंप फिरतो व तेलावर दाब आणतो. ते तेल नळीवाटे स्टिअरिंगच्या पेटीत जाते. आपण चक्र फिरवू लागलो की पेटीच्या तोंडाशी असलेली पोलादाची बारीक कांडी किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि आतील दट्ट्याच्या योग्य बाजूस तेल शिरते. दट्ट्या सरकतो, त्याच्या दात्यांत अडकलेला जाड शाफ्ट फिरतो, आणि शाफ्टाच्या खालच्या टोकाला बसविलेला पिटमन आर्म चाके वळवितो. जोर लावते ते तेल. माणूस केवळ दिशा दाखवितो. इंजिन बंद पडले तर ही मदत थांबते, चक्र अतिशय जड होते. तथापि चाकांशी असलेला लोखंडी संबंध सुटत नाही, आणि दोन्ही हातांनी जोर केल्यास गाडी वळते. गाडी चालविणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे लक्षात ठेवलेले बरे, कारण अशा वेळी घाबरून चक्र सोडून देणारेही आहेत.

गाळ्यातील मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. आमच्या ड्रायव्हरला त्यांनी चक्र हलके हलके इकडेतिकडे हलवावयास सांगितले आणि स्वतः गाडीखाली आडवे झाले. प्रथम त्यांनी पेटीला हात लावलाच नाही. टाय रॉडचे सांधे, मधला दांडा, चक्राच्या दांड्याचा जोड, एकेकावर तळहात ठेवून कोठे खडखडते ते पाहिले. ते सारे ठीक निघाले. मग वरचा दांडा फिरत असताना पिटमन आर्म जागचा हलत नाही, हे त्यांनी आम्हांसही वाकून पाहावयास लावले. दोष पेटीतच होता. चासीला जेथे पेटी बोल्टांनी आवळतात तेथे तडा गेलेला नाही ना, हेही त्यांनी बॅटरी लावून तपासले; खडबडीत वाटांवर चालणाऱ्या गाडीला तेथे तडा जातो, असे ते म्हणाले.

आता प्रश्न पैशांचा. आमचे खजिनदार बरोबर होते. कपेलाच्या छपरासाठी कौले घ्यावयाची म्हणून जमविलेली रक्कम त्यांच्याकडे होती, आणि तिच्याखेरीज दुसरी नव्हती.

"मिस्त्री, नुसतं सील बदलून भागणार नाही?" त्यांनी विचारले.

"बदलून देतो की काका, संध्याकाळी गाडी घेऊन जावा. पण शाफ्टच झिजलाय. नवं सील महिनाभर टिकेल."

"वरचा स्क्रू आवळला तर ढिलेपणा जातो म्हणतात."

मिस्त्रींनी मान हलविली. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून दाते मधोमध अधिक झिजतात. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळावा, तर वळणावर तेच दाते करकचून अडतात, आणि वळवलेले चाक आपोआप सरळ होत नाही. "घाटात चाक अडकलं तर स्क्रू सोडवायला मी तिथं असणार नाही," एवढेच ते बोलले. भंगारातील पेटी बसविण्यासही त्यांनी साफ नकार दिला.

रात्री आम्ही समितीच्या मंडळींशी फोनवर बोललो. मतभेद झाला, आणि तो स्वाभाविक होता. कौलांसाठी लोकांनी कोंबड्या विकून पैसे दिले होते. अखेर ज्यांच्या सुनेला गेल्या श्रावणात याच जीपने मध्यरात्री इस्पितळात पोचविले त्या बाई म्हणाल्या, "गळणाऱ्या कौलाखाली बादली ठेवता येते, फादर." त्यावर कोणी काही बोलले नाही. नवी पेटी मागविण्याचे ठरले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती हुबळीहून पार्सलने आली.

मिस्त्रींचे काम पाहणे हा आनंद होता. चाके सरळ ठेवून त्यांनी जोडांवर खुणा केल्या. तेल काढले, नळ्या सोडून त्यांच्या तोंडांत स्वच्छ बोळे बसविले. पिटमन आर्मचा नट निघाला, पण आर्म हलेना. शिकाऊ मुलाने घण उचलताच मिस्त्रींनी त्याचा हात धरला. आर्म पुलरने ओढून काढावयाचा असतो. मग बोल्ट सुटले आणि जड पेटी दोघांनी उतरविली. नवीन बसविण्यापूर्वी त्यांनी टाकी व नळ्या धुतल्या. धुतलेल्या तेलात लोखंडाचा चमकणारा चुरा दिसला. तो राहिला असता तर नव्या पेटीचीही तीच गत झाली असती. नव्या पेटीचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजून बरोबर मध्यावर आणला आणि मगच जोडला.

शेवटचे काम हवा काढण्याचे. पुढची चाके जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून ड्रायव्हरने चक्र सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पुनःपुन्हा फिरविले. मिस्त्री टाकीत तेल घालीत राहिले. तेल दुधासारखे फेसाळते आहे तोवर आत हवा आहे असे समजावे. फेस मोडल्यावर इंजिन सुरू केले. चक्र शेवटच्या टोकाला रेटून धरून ठेवू नये, पंप तापतो, अशी ताकीद ड्रायव्हरला मिळाली. नंतर पुढच्या चाकांची आखणी तपासून घेतली. मजुरी मिस्त्रींनी वाजवीच लावली, आणि कपेलासाठी म्हणून त्यातील काही परत केली. त्यांच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती. आमच्या कपेलाचे नावही त्यांनी विचारले नाही.

पिरनवाडी सोडली तेव्हा दिवे लागले होते. कुसमळीच्या पुढे वळणे सुरू झाली. प्रत्येक वळणानंतर चक्र आपण होऊन सरळ होत होते, आणि ड्रायव्हर ते पुन्हापुन्हा आम्हांस दाखवीत होता. जांबोटीला पहिली सर आली. खजिनदार काचेतून आकाशाकडे पाहत कौलांचा हिशेब करीत होते: वेदीवरची तेवढी आत्ता, बाकीची दसऱ्यानंतर.

त्या रात्री पुठ्ठा आम्ही नवा घातला. सकाळी तो कोरडा होता.