मांडवीच्या मुखाशी नवे शीड

बेतीच्या धक्क्यापासून समुद्राचे तोंड फार दूर नाही. पहाटे जमिनीकडून सुटणारे मतलई वारे पाठीशी घेतले आणि ओहोटीची साथ लाभली, की आमची सव्वीस फुटी शिडाची नौका आपण होऊनच पश्चिमेची वाट धरते. उजव्या हातास रेईश मागूशचा किल्ला, डाव्या हातास पणजी, कांपालची झाडी आणि मिरामारची वाळू; मग एका अंगास काबोचे टोक, दुसऱ्या अंगास १६१२ साली बांधलेला आग्वाद. दुपारी खारे वारे वाहू लागले, की त्याच वाटेने परत. सकाळी नदी बाहेर नेते, दुपारी समुद्र घरी आणून पोचवितो.

याच नदीच्या वरच्या अंगास, दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आमची धाव आग्वादच्या थोडी पलीकडे संपते. तथापि वारा लहानमोठा पाहून वाहत नाही, हे आम्हांस २०२३ च्या मे महिन्यात कळून चुकले.

त्या दुपारी थोरले दादा, वहिनी आणि आम्ही परतत होतो. आकाश काळवंडले आणि पाहता पाहता वळवाचा झोत अंगावर आला. जुने शीड एकदाच, तेही थोडेसेच, आखडता येई. दादांनी ते पुरते खाली ओढू पाहिले, पण ते डोलकाठीशी अडकले आणि मागच्या कडेने हातभर फाटले. इंजिनाच्या जोरावर आम्ही कसेबसे आत आलो. धक्क्यावर उतरताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "यापुढे तुम्ही दोघे जात जा."

चाळीस वर्षे त्या दादांसह नदीवर आल्या होत्या. तेव्हा नवे शीड सांगावयाचे ते कोणासाठी, हे आम्हां दोघांसही न बोलता उमगले होते.

मापे घेण्यास मुंबईहून शिडे शिवणारे एक गृहस्थ आले. आम्ही आमची यादी पुढे केली : शर्यतीच्या नौकांना असते तसे अनेक थर चिकटवून केलेले कापड, मागची कड फुगीर, कडेपासून डोलकाठीपर्यंत पोचणाऱ्या लांब पट्ट्या. दादांना आखडण्याच्या तीन रांगा हव्या होत्या. गृहस्थांनी यादी बाजूस ठेवली. "आपण जाता कुठवर? आणि दोर ओढणारे हात किती?"

"आग्वादच्या पलीकडे थोडे. हात चार, आणि तेही साठीपुढचे," दादा म्हणाले.

"मग शीड मोठे किती, हे नंतर पाहू. ते लहान किती लवकर होते, हे आधी ठरवू."

त्यानंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. चिकटवलेले कापड आकार छान धरते, परंतु आपल्या दमट उष्म्यात त्याच्या थरांत बुरशी शिरते आणि थर सुटू लागतात. म्हणून साधे विणलेले पॉलिएस्टर. शिडास आधार देणाऱ्या सगळ्याच पट्ट्या पूर्ण लांबीच्या केल्या, तर शीड फडफडत नाही, पण पट्ट्यांची टोके डोलकाठीवर दाबून बसतात आणि उतरताना अडतात. म्हणून वरच्या दोन लांब, खालच्या दोन आखूड. मागच्या कडेचा फुगवटा बेताचा. आखडण्याच्या रांगा तीनऐवजी दोनच, पण खोल : दुसरी आवळली म्हणजे निम्म्याहूनही कमी शीड उरावे. दोन्ही रांगांचे दोर बसल्या जागी हाती येतील असे आणलेले. उन्हाने कापडाआधी दोराच टाके सोडतो. म्हणून तिहेरी शिवण आणि वर झाकण.

खर्च आमच्या अंदाजाहून बराच झाला. फुगीर कडेचा मोह सोडताना आम्हांस, खरे सांगावयाचे तर, वाईटही वाटले.

नोव्हेंबरात नवे शीड चढले. दादांनी वहिनींस आग्रह केला नाही. फक्त, धक्क्यावर उभे राहून घड्याळ पाहशील का, एवढे विचारले. बांधलेल्या नौकेवरच आम्ही शीड उभारले, आखडले, पुन्हा आखडले आणि सोडून दिले. ते सरसर खाली आले, कुठे अडले नाही.

"पुन्हा करा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा केले. त्यांनी घड्याळ पाहिले, पदर खोचला आणि नौकेत पाऊल ठेवले. "आखडण्याचा दोर कोणता तो मला दाखवा. तो माझ्या हाती राहील."

त्या दिवशी वारा मंद होता आणि आखडण्याचे कारण पडले नाही. तरी आग्वाद मागे पडेपर्यंत वहिनींनी तो दोर हातातून सोडला नव्हता. आजही नौका निघाली, की त्या प्रथम त्याच दोराशी जाऊन बसतात.