पिण्यास योग्य

पावसाळा सुरू झाला की आमच्या प्रयोगशाळेचं टेबल गावोगावच्या पाण्याच्या बाटल्यांनी भरून जायचं. मॅकॉन्की ब्रॉथच्या जांभळ्या नळ्यांत ते पाणी घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं आणि पुढचे दोन दिवस बघत राहायचं. नळी पिवळी पडली आणि आतल्या उपड्या नळीत बुडबुडा धरला, की कॉलिफॉर्म जीवाणूंचा संशय. जांभळीच राहिली, की अहवालावर शिक्का : ‘पिण्यास योग्य’. खाली माझी सही. २८ वर्षं मी हे काम केलं.

पाण्यातलं वाईट म्हणजे जंतू, हे माझं ठाम मत होतं. उघडा आड धोक्याचा, हातपंप भरवशाचा. गॅस्ट्रोची साथ आलेल्या वस्त्यांवर मी गेले होते, सलाइन लावलेली लेकरं पाहिली होती. म्हणून कित्येक ग्रामपंचायतींना मी निक्षून सांगितलं, की आड बुजवा आणि बोअरचं पाणी प्या. ते मत कुठे अपुरं होतं, हे मला पश्चिम बंगालमध्ये कळलं.

२०११ साली एका प्रशिक्षणासाठी कोलकात्याला गेले होते. तिथून आम्हाला उत्तर २४ परगणा जिल्ह्यातल्या एका गावात नेलं. एका घरासमोर हातपंप होता. पाणी अगदी नितळ. पंपाखालचा सिमेंटचा ओटा मात्र गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस झाला होता. घरातल्या बाईंनी हात पुढे केले. तळव्यांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या कडक गाठी होत्या. गळ्याखाली पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे काळे-पांढरे ठिपके. मी सवयीने, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, ‘‘दीदी, पाणी उकळून प्या.’’ सोबतच्या आरोग्यसेवकाने मला हळूच बाजूला घेतलं. उकळून आर्सेनिक जात नाही, म्हणाला. पाण्याची वाफ होते, विष भांड्यातच राहतं. म्हणजे उरलेल्या प्रत्येक घोटात ते थोडं वाढतंच. त्या बाई माझ्याकडे विश्वासाने बघत होत्या. ती नजर मी विसरलेले नाही.

आर्सेनिक म्हटल्यावर मी आधी कारखाना शोधला, मग कीटकनाशकं. दोन्ही अंदाज चुकले. ते विष हिमालयातून आलेल्या गाळातलं आहे. हजारो वर्षं गंगा आणि ब्रह्मपुत्रा तो गाळ पसरत आल्या. त्यातल्या वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या थराला चिकटून बसलेलं असतं. तसंच राहिलं असतं तर कुणाला त्रास नव्हता.

ते सोडवतात जीवाणू. खोल गाळात कुजका पालापाचोळा असतो, पण प्राणवायू नसतो. तिथले जिओबॅक्टरसारखे जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूच्या जागी गंजातलं लोह वापरतात. गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. काही जीवाणू तर थेट आर्सेनिकवरच श्वसन करतात. २००४ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी पश्चिम बंगालचाच गाळ बाटल्यांत भरून हे दाखवून दिलं. जीवाणूंना खाद्य म्हणून अॅसिटेट दिल्यावर आधी लोह सुटलं, त्यामागून आर्सेनिक. हे वाचताना मला तो तांबूस ओटा आठवला. जमिनीखाली विरघळलेलं लोह वर येऊन हवा लागताच पुन्हा गंजत होतं. सगळी खूण डोळ्यांसमोर होती, आणि मी पाणी नितळ आहे एवढंच पाहिलं होतं.

बंगालात कूपनलिका आल्या त्या माझ्यासारख्याच विचारातून. तळ्यांच्या पाण्याने मुलं हगवणीने दगावत होती, म्हणून बांगलादेशात १९७०च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता, जीवही वाचले. पण आर्सेनिक कुणी तपासलं नाही. कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली त्वचेच्या रुग्णांमध्ये हे विष ओळखलं. पुढे बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून त्यांची तोंडं लाल आणि हिरवी रंगवावी लागली. आपल्याकडे गावांना पाण्यासाठी लाल-हिरवी कार्डं देतात, ती मीही हाताळली आहेत. म्हणून ते रंग मला जास्त लागले.

आणखी एक गोष्ट पचवायला मला वेळ लागला. त्याच भागातल्या उघड्या विहिरींत आर्सेनिक बहुधा कमी असतं. वरून हवा लागते, लोहाचा गंज टिकतो आणि आर्सेनिकला धरून ठेवतो. जी विहीर मी डोळे मिटून नापास केली असती, ती या एका बाबतीत बरी होती. जंतूंच्या बाबतीत ती आजही धोक्याची आहे, म्हणून आड उघडा ठेवा असं मी म्हणणार नाही. टीसीएल पावडर घाला हे आजही तितक्याच आग्रहाने सांगते.

जीवाणूंकडे बघण्याची माझी नजरही बदलली. ज्या ई. कोलायला मी आयुष्यभर आरोपी म्हणून शोधलं, त्याच्याकडेही आर्सेनिक पेशीबाहेर फेकणारा पंप आहे. आर्सेनेट फॉस्फेटसारखं दिसतं, म्हणून ते पेशीत शिरतं. जीवाणू त्याचं आर्सेनाइट करून बाहेर टाकतो. त्याचा जीव वाचतो, पण हे रूप आपल्यासाठी जास्त विषारी. उलट काही जीवाणू आर्सेनाइटचं पुन्हा आर्सेनेट करतात. ते लोहाला सहज चिकटतं, म्हणून पाणी शुद्ध करायला त्यांचा उपयोग होतो. त्यांच्यातला कुणी आपला वैरी नाही की सोयरा नाही. जो तो आपला श्वास चालू ठेवतो. त्यांचं जगणं आपल्या पाण्याशी कुठे जोडलेलं आहे, हे समजून घेणं आपलं काम आहे.

आपल्या बेसाल्टच्या प्रदेशात बंगालसारखा गाळ नाही. माझ्या सहीमुळे कुणाच्या तळव्यावर गाठी आल्या नसतील. पण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही आर्सेनिकची मर्यादा मला पाठ होती, आणि एकाही बाटलीत मी ते शोधलं नव्हतं. जे तपासलं नाही त्याचीही हमी माझा शिक्का देत होता.

बंगालहून परतल्यावर शिक्का बदलणं माझ्या हातात नव्हतं. मग निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अहवालावर शिक्क्याशेजारी मी पेनाने दोन शब्द लिहीत गेले : ‘जंतूंपुरतं तपासलं.’