स्वतःविरुद्धचा कौल

नियम शब्दांचे बनलेले असतात आणि शब्दांना नेहमी एकच अर्थ असतो असे नाही. ‘त्याने मित्राला आपल्या घरी नेले’ हे साधे वाक्य पाहा. घर कोणाचे? त्याचे स्वतःचे, की बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे? बोलण्यात संदर्भ मदतीला येतो. नियमाच्या वाक्यात तो आधार अपुरा पडतो.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका पत्त्यांच्या खेळाने. ‘अर्कम हॉरर : द कार्ड गेम’ हा खेळ अमेरिकेतील ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकातील अर्कम या काल्पनिक नगरात खेळाडू अन्वेषक होऊन एकजुटीने संकटांना तोंड देतात. ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात. त्यांच्याविरुद्ध उभा असतो तो पत्त्यांचा गठ्ठा.

प्रत्येक पत्त्यावर वेगळी सूचना असते. ती नियमपुस्तिकेशी विसंगत असेल, तर पत्त्यावरील सूचना प्रमाण मानावी, असा या खेळाचा दंडक आहे. मला यात आपल्या जुन्या व्याकरणपरंपरेची आठवण होते. तेथे सामान्य नियमाला ‘उत्सर्ग’ व विशेष नियमाला ‘अपवाद’ म्हणतात, आणि उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान ठरतो.

परंतु सूचनेचेच दोन अर्थ निघत असतील तर? रमीच्या डावात कोणी सोयीचा अर्थ लावला, तर समोरचा लगेच हरकत घेतो. सहकार्याच्या खेळात हरकत घेणारा कोणी नसतो, कारण सर्वांचा स्वार्थ एकाच दिशेला असतो.

हे ओळखूनच खेळाच्या कर्त्यांनी एक कठोर नियम घालून दिला आहे. शंकेचे उत्तर नियमांत सापडले नाही, तर त्या क्षणी आपल्या विजयाला सर्वांत घातक वाटेल तोच अर्थ स्वीकारावा आणि पुढे खेळावे.

एका सुट्टीत घरातील मुले हा खेळ खेळत असताना असाच पेच पडला. भाच्याने सोयीचा अर्थ मांडला. सर्वांनी माना डोलावल्या. माझ्या मुलीने मात्र पुस्तिका चाळली, उत्तर मिळाले नाही, तेव्हा शांतपणे म्हणाली, “मग आपल्याविरुद्धच धरू या.” डाव हातचा गेला, पण कोणाच्या मनात किल्मिष उरले नाही. पंच नसताना दिलेला तो निवाडा मला विजयाहून मोलाचा वाटला.

मात्र हा नियम सरसकट सर्वत्र लावता येणार नाही. खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या वृद्धेच्या बाबतीत संदिग्ध नियमाचा कठोर अर्थ लावणे म्हणजे न्याय नव्हे. तेथे हानी आपली नसून तिची होते. म्हणूनच दंड सांगणारा कायदा संदिग्ध असेल, तर त्याचा लाभ आरोपीला द्यावा, असे न्यायतत्त्व सांगते. करारातील संदिग्ध शब्दाचा अर्थही तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याची रीत आहे.

तेव्हा अर्थ लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : याचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला? लाभ आपला असेल, तर कठोर व्हावे. झळ दुसऱ्याला बसणार असेल, तर उदार व्हावे. भाषेचे ज्ञान आपल्याला दोन्ही अर्थ दाखवते. त्यांतील कोणता निवडायचा, हे मात्र आपली सचोटी ठरवते.