तुलूझचे उडते कोठार

दक्षिण फ्रान्समध्ये गारोन नदीच्या काठी वसलेले तुलूझ हे विटांचे शहर आहे. कोवळ्या उन्हात या विटा गुलाबी दिसतात, म्हणून फ्रेंच लोक त्यास ‘गुलाबी नगरी’ म्हणतात. परंतु या नगरीला प्रथम श्रीमंती दिली ती निळ्या रंगाने. पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथील व्यापारी ‘पास्तेल’ नावाच्या रोपाच्या पानांपासून निळा रंग करून युरोपभर विकत. त्या कमाईतून उठलेले वाडे अद्याप उभे आहेत. पिएर दासेझा या पास्तेलच्या व्यापाऱ्याने 1555 साली बांधावयास घेतलेला वाडा पाहिल्यावर त्या धंद्यातील नफ्याची कल्पना येते. पुढे यादवी युद्धांनी मुलूख होरपळला आणि समुद्रमार्गाने हिंदुस्थानची नीळ येऊ लागली. तिच्यापुढे पास्तेलचा टिकाव लागला नाही. त्या अंगणात उभे राहून ही हकीकत ऐकताना आपणास किंचित संकोच वाटतो, आणि खरे सांगावयाचे तर थोडा अभिमानही!

आज तुलूझची पेढी विमानांवर चालते. 1918 च्या नाताळात येथून बार्सिलोनाकडे टपालमार्गाचे पहिले विमान निघाले. 1969 मध्ये काँकॉर्डने आणि 1972 मध्ये एअरबसच्या ए-300 ने पहिली झेप येथूनच घेतली. तरी ‘तुलूझला विमाने बनतात’ हे विधान अर्धेच खरे आहे. येथे ती जोडली जातात. पंख येतात ते वेल्समधील ब्रॉटनहून, धडाचे भाग हॅम्बुर्ग आणि साँ-नाझेरहून, शेपटीचे आडवे पंख माद्रिदजवळच्या हेताफेहून आणि उभे सुकाणू जर्मनीतील श्टाडेहून. एकाच आवारात सर्व का करीत नाहीत, हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या मनात प्रथम येतो. वाहतुकीचा एवढा खर्च कोणी हौसेने करीत नाही.

त्याचे उत्तर भागीदारीच्या इतिहासात आहे. 1970 मध्ये फ्रेंच आणि जर्मन कंपन्यांनी एअरबसची स्थापना केली. पुढल्याच वर्षी स्पेन आला. ब्रिटिश सरकारने 1969 मध्ये अंग काढून घेतले होते. परंतु पंख बनविणारी हॉकर सिडले ही कंपनी स्वतःचे भांडवल घालून कामात टिकून राहिली. 1979 मध्ये ब्रिटन रीतसर भागीदार झाला. समोर अमेरिकेचे बलाढ्य कारखाने होते. एकट्याने कोणाचाच निभाव लागला नसता. मात्र प्रत्येकास आपल्या गावची भट्टी पेटती हवी होती. कोणी कोणाचा कारखाना बंद करावयाचा नाही, या अलिखित कराराची किंमत म्हणजे ही वाहतूक. एकत्र धंदा करणाऱ्या चार भावांच्या घरात राहिलेल्या माणसास हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

ती किंमत डोळ्यांनी पाहावयाची असेल तर विमानतळाजवळच्या ब्लान्याक येथील एरोस्कोपिया संग्रहालयात जावे. तेथे ‘सुपर गप्पी’ उभे आहे. बोईंगच्या जुन्या स्ट्रॅटोक्रूझर जातीच्या विमानाचे धड फुगवून केलेले हे चमत्कारिक वाहन, पोट सुटलेल्या माशासारखे दिसते. एअरबसचा प्रत्येक भाग बोईंगच्या पंखांवर बसून येतो, अशी थट्टा त्या काळी होत असे, आणि ती बोचरी असली तरी खोटी नव्हती. सामान भरताना चालकाच्या कक्षासह सारे नाक बिजागरीवर बाजूला वळवावे लागे. त्यासाठी नियंत्रणाच्या जोडण्या सोडवून पुन्हा जुळवाव्या लागत. त्याच्या पोटात शिरून वर पाहिले की आपण विमानात नसून एखाद्या धान्यकोठारात आहोत असे वाटते.

त्याच्या जागी आले ‘बेलुगा’. उत्तरेकडील समुद्रात कपाळ फुगलेला पांढरा देवमासा असतो, त्याचे हे नाव. ए-300 कुळातील विमानाचे वरचे छप्पर काढून त्यावर प्रचंड घुमट बसविला. 13 सप्टेंबर 1994 रोजी ते प्रथम उडाले. एकूण पाच बनविली. यातील युक्ती मोठी सुरेख आहे. चालकाचा कक्षच कोठीच्या फरशीखाली उतरविला, त्यामुळे पुढचा दरवाजा पेटाऱ्याच्या झाकणासारखा वर उघडतो आणि एकही तार सोडवावी लागत नाही. मात्र वारा जोराचा असेल तर एवढे झाकण उघडणे धोक्याचे. म्हणून पुढे विमानाचे नाक आत घेणाऱ्या खास इमारती उभारल्या गेल्या.

बेलुगाचा भार केवळ 47 टन. बोईंग 747 चे मालवाहू विमान सहज शंभर टनांवर नेते. मग एवढे अवाढव्य धड कशासाठी? ज्यांनी कापसाचा ट्रक आणि लोखंडाचा ट्रक दोन्ही भरले आहेत त्यांना हे लगेच उमगेल. विमानाच्या पंखाचे वजन अडवीत नाही, त्याचा पसारा अडवितो. ए-350 चा एक पंख 32 मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. जुन्या बेलुगात असा एकच पंख मावे. म्हणून ए-330 वरून ‘बेलुगा एक्सएल’ घडविले. ते 19 जुलै 2018 रोजी प्रथम उडाले आणि 2020 च्या जानेवारीत कामावर रुजू झाले. त्यात दोन पंख मावतात. आता अशी सहा आहेत. त्यांच्या नाकावर डोळे आणि हसरे तोंड रंगविले आहे. हे रूप कंपनीच्या कामगारांनीच मत देऊन निवडले.

ए-380 चे भाग मात्र बेलुगाच्याही आवाक्याबाहेरचे होते. ते जहाजाने पोइयाकपर्यंत, तेथून गारोन नदीतून पडावांनी लांगाँपर्यंत आणि पुढे रात्री रस्त्याने तुलूझला येत. लेव्हिन्याक या गावात घरांच्या भिंती आणि धडाचा भाग यांत अगदी थोडे अंतर उरे. ते विमान बंद झाले आणि तो रस्ता शांत झाला.

राहता राहिला परतीच्या भाड्याचा प्रश्न. तुलूझला भरून आलेले बेलुगा परतताना बहुधा रिकामे आधार-सांगाडेच नेते. एक्सएल आल्यावर जुनी बेलुगा मोकळी झाली, तेव्हा ती भाड्याने द्यावी असे कंपनीस वाटले. तसा अनुभव पूर्वीचा होता. 1999 मध्ये देलाक्रवाचे विख्यात चित्र पॅरिसहून टोकियोला बेलुगातूनच गेले. कोठीत हवेचा दाब राखला जात नसल्याने त्यासाठी खास बंदिस्त पेटी केली होती, आणि वाटेत बहारीन व कोलकाता येथे मुक्काम झाला. 2022 मध्ये ही सेवा बाजारात उतरली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बेलुगा मुंबईच्या विमानतळावर उतरले, तेव्हा आपल्याकडील कित्येकांनी त्याची छायाचित्रे घेतली.

परंतु पूर्ण भार घेतल्यावर दोन हजार किलोमीटरांच्या आतच इंधनासाठी उतरणारे, आणि सामान उतरविण्यास खास यंत्रे मागणारे वाहन कोण किती वेळा भाड्याने घेणार? एका पेढीच्या एकाच मालासाठी शिवलेले हे पोते होते; दुसऱ्या मालास ते बसले नाही. जानेवारी 2025 मध्ये ही सेवा बंद होत असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात एक जुने बेलुगा ब्रॉटनच्या धावपट्टीवर अखेरचे उतरले, जेथून त्याने वर्षानुवर्षे पंख उचलले होते. शाळेतील मुलांना अभियांत्रिकीची गोडी लागावी म्हणून ते तेथेच ठेवण्याचे ठरले आहे. पंखांची ने-आण एक्सएलवर चालू आहे. ब्लान्याकच्या कुंपणापाशी थोडा वेळ थांबले तर एखादे हसरे नाक ढगांतून खाली येताना दिसते. गावकरी मान वर करीत नाहीत. वर पाहतात ते केवळ पाहुणे.